जयसिंगच्या खोलीतला हीटर

गुहागरच्या माणसाला थंडी कोण शिकवणार? तिथे जानेवारीच्या पहाटे सुती चादर अंगावर ओढली की लोक "यंदा काय गारठा पडलाय" म्हणतात आणि नऊ वाजता घाम पुसायला लागतात. लक्ष्मीकांत खांबेटे तिथेच वाढले. पुढे शिकून-सवरून लखनौच्या एका संशोधन संस्थेत इमारतींच्या वीजवापराचे शास्त्रज्ञ म्हणून रुजू झाले, त्यालाही आता एकोणतीस वर्षं होत आली होती. एकोणतीस वर्षांत माणूस भाषा बदलतो, आमटीच्या जागी अरहरची दाल खायला लागतो, भाजीवाल्याशी भैया-भैया करत घासाघीस करतो. पण शत्रू बदलत नाही. खांबेट्यांचा शत्रू एकच होता, ऊन.

या एका शत्रूवर त्यांनी बेचाळीस शोधनिबंध लिहिले. भिंत किती जाड असावी, काच कुठल्या दिशेला नसावी, छत पांढरं रंगवलं तर खोली किती अंशांनी उतरते, सगळं लिहून झालं. ते निबंध जगभरातल्या तीसेक लोकांनी वाचले, आणि त्या तिसांतल्या कुणीही कधी एक वीट रचली नाही. साठी जवळ आली तसं हे दुःख त्यांना आतून कुरतडायला लागलं. आपल्या हातून एक तरी खरीखुरी भिंत उभी राहायला हवी होती, असं ते बायकोला, विनयाबाईंना, वर्षातून दोनदा तरी म्हणत.

आणि मग ती भिंत उभी राहिली. आलमबागच्या पुढे, कानपूर रस्त्यावरच्या एका मुलींच्या कॉलेजला नवीन इमारत बांधायची होती. प्राचार्या हिमानी श्रीवास्तव हुशार बाई. त्यांनी खांबेट्यांना बोलावून विचारलं, "सर, ऐसी बिल्डिंग बन सकती है जो जितनी बिजली खाए, उतनी खुद बनाए?" खांबेट्यांना आयुष्यभर कुणी हा प्रश्न विचारला नव्हता. त्यांनी फी घेतली नाही. दोन वर्षं शनिवार-रविवार तिथेच घातले.

इमारत झाली ती देखणी झाली. आठ वर्ग, वर लायब्ररी, छतावर वीस किलोवॅटची सोलर पॅनेलं. खिडक्यांना दुहेरी काचा, दारांना चारी बाजूंनी रबराच्या पट्ट्या, दारं आपोआप लागावीत म्हणून वर लोखंडी हात. मे-जूनची लू, म्हणजे तिकडचा भाजून काढणारा वारा, आणि धूळ आत येऊ नये म्हणून हा सगळा बंदोबस्त. वर्गांना ताजी हवा देणारे पंखे वेगळे, तास असेल तेव्हाच चालणारे. पाहुणे आले की खांबेटे दार लावून घेत, खिशातून उदबत्ती काढून पेटवत आणि फटीपाशी धरत. धूर सरळ वर जाई, जरासुद्धा हलत नसे. "देखिए," ते म्हणत, "हवा आतीही नहीं." हे सांगताना त्यांचा चेहरा पहिल्या नातवाचा फोटो दाखवणाऱ्या आजोबांसारखा होई.

आता घोडं अडलं होतं ते पाटीपाशी. दिल्लीची एक समिती अशा इमारतींना 'शून्य ऊर्जा' अशी पितळी पाटी देत असे. अट सोपी होती. एक एप्रिल २०१६ ते एकतीस मार्च २०१७, या वर्षात इमारतीने जेवढी वीज वापरली तेवढी किंवा त्याहून जास्त तिने स्वतः तयार केलेली असली पाहिजे. एक युनिटही कमी चालणार नाही. खांबेटे त्यानंतरच्या जुलैत निवृत्त होणार होते, तेव्हा दुसरं वर्ष हाताशी नव्हतं. ही पाटी म्हणजे बेचाळीस निबंधांचं एकच उत्तर होतं, आणि त्यांना ते पाहिजे होतं. मनापासून, हट्टाने, लहान मुलाला पाहिजे असावं तसं पाहिजे होतं.

या कामात त्यांचा खरा साथीदार प्राचार्या नव्हत्या, प्राध्यापक तर मुळीच नव्हते. साथीदार होता जयसिंग, कॉलेजचा चौकीदार. बाराबंकीकडच्या एका खेड्यातला, पन्नाशी ओलांडलेला, हडकुळा माणूस. अकरा वर्षं तो फाटकापाशी पत्र्याच्या खोक्यात राहिला. नवी इमारत झाली तेव्हा खांबेट्यांनी स्वतः रदबदली करून त्याला तळमजल्यावर, जिन्याखालची स्टोअरची खोली मिळवून दिली. ती खोली नकाशे आणि जुने पेपर ठेवायला बांधलेली, म्हणून धुळीपासून सगळ्यांत जास्त जपलेली. खिडकी नव्हती, नुसती एक न उघडणारी काच होती. जयसिंग त्या खोलीत पहिल्यांदा शिरला तेव्हा त्याने भिंतीवरून हात फिरवला. "साहब, पक्का कमरा," एवढंच म्हणाला आणि डोळे पुसले.

त्याबद्दल त्याने जी परतफेड केली तिला तोड नव्हती. त्या वर्षी आलमबागेत मेट्रोचं खोदकाम चाललं होतं आणि त्याची धूळ रोज पॅनेलांवर येऊन बसत होती. जयसिंग पहाटे बादली घेऊन छतावर जाई आणि एकेक पॅनेल घरच्या पितळी भांड्यासारखं पुसून काढी. तास संपला की वर्गावर्गात डोकावून दिवे बंद करी. पोरी त्याला 'बत्ती चाचा' म्हणत. जिन्याजवळच्या संगणकावर इमारतीचा वीजवापर दिसत असे, एक निळी रेघ. खांबेट्यांनी त्याला ती वाचायला शिकवली होती.

"यह ऊपर गई मतलब किसी ने कुछ चालू किया. समझे?"

"और रात को, साहब?"

"रात को भी दिखेगी. मुझे घर बैठे दिखती है."

जयसिंगला याचं भारी नवल वाटलं. मग तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत सुटला, साहेबांना इंदिरा नगरात बसून दिसतं म्हणे, पंखा कुणी चालू ठेवला ते.

एप्रिल ते नोव्हेंबर सगळं झकास चाललं. खांबेट्यांच्या वहीत साडेसहाशे युनिटं शिल्लक पडली. आणि डिसेंबरात धुकं आलं.

लखनौचं धुकं खांबेट्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. एकोणतीस हिवाळे त्यांनी स्वेटरात घालवले होते. पण शत्रू म्हणून त्यांनी त्याची कधी नोंदच केली नव्हती. सूर्य आठ-आठ दिवस दिसेना. ज्या पॅनेलांनी रोज पंच्याहत्तर युनिटं द्यायची ती बारा-तेरा देऊन गप्प बसू लागली. शिल्लक बघता बघता वितळली आणि नव्या वर्षाच्या चौथ्या दिवशी खांबेट्यांनी वहीत पहिल्यांदा उणे चिन्ह काढलं. उणे एकोणऐंशी. त्या संध्याकाळी त्यांना जेवण गेलं नाही.

त्यांनी सगळा हिशेब चाळून काढला. आणि त्यांना ती रेघ दिसली. रोज रात्री आठ वाजता निळी रेघ टुणकन एक पायरी वर चढत होती आणि पहाटे पाचला खाली येत होती. सरळ, सपाट, हजार वॅटची. रोजची नऊ युनिटं. इमारतीत रात्री माणूस एकच होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते कॉलेजात गेले. जयसिंगच्या खोलीत, खाटेजवळ, जुन्या स्टाफरूममधून आणलेला दोन कांड्यांचा हीटर होता.

"जयसिंग, यह रात भर चलता है?"

जयसिंग वरमला. "जी साहब. फ़र्श बहुत ठंडा हो जाता है. मैडम ने दिया था."

त्याचं म्हणणं काही खोटं नव्हतं. उन्हाला दाराबाहेर ठेवणाऱ्या त्या जाड भिंती जानेवारीत शिळा होऊन बसत. उन्हाचा कोवळा कवडसासुद्धा त्या खोलीत येत नसे, कारण तो येऊ नये अशीच ती बांधली होती. खांबेट्यांच्या वर्षभराच्या आकडेमोडीत पंखे होते, दिवे होते, लायब्ररीतले संगणक होते. शेगडीचा, हीटरचा, कसल्याही उबेचा रकाना त्यात नव्हता. गुहागरच्या माणसाला तो सुचला नव्हता आणि दुसऱ्या कुणी विचारलं नव्हतं.

"तीन महीने की बात है," खांबेटे म्हणाले. त्यांचा आवाज खरोखर विनवणीचा होता. "मार्च के बाद चाहो तो दो हीटर लगा लेना. अभी यह बंद रखो. नहीं तो सब गया."

"इतनी-सी बात, साहब? ग्यारह साल टीन में काटे, तब कौन-सा हीटर था? हमारी अंगीठी है ना." जयसिंगने हसून खाटेखाली बोट दाखवलं. पत्र्याच्या डब्याची, मातीने लिंपलेली अंगीठी तिथे होती.

खांबेट्यांना हायसं वाटलं. कोळसा मीटरमधून जात नाही. तेवढ्यात त्यांना लायब्ररीच्या पांढऱ्या भिंती आठवल्या.

"लेकिन धुआं नहीं चाहिए. बाहर जलाओ, धुआं निकल जाने दो, कोयला लाल हो जाए तब अंदर लाओ. और दरवाज़ा बंद रखना, बू ऊपर न जाए."

"जी साहब."

घराघरांत हवा कशी येते-जाते यावर डॉक्टरेट मिळवलेला माणूस हे बोलला. त्याला दुष्ट म्हणावं तर तो दुष्ट नव्हता. त्याच्या आईने गुहागरात चाळीस वर्षं चूल फुंकली, पण तिच्या डोक्यावर कौलं होती आणि धूर कौलांतून निघून जायचा. धूर म्हणजे त्रास आणि धूर नाही म्हणजे त्रास नाही, असं जे लहानपणी अंगात मुरलं होतं ते बेचाळीस निबंधांच्या तळाशी तसंच पडून होतं. पत्र्याच्या खोक्याला शंभर भोकं होती, म्हणून जयसिंग त्यात अकरा हिवाळे जगला, हेही त्यांच्या डोक्यात आलं नाही. त्या घटकेला डोक्यात नऊ हा आकडा होता. नऊ गुणिले दिवस.

जाताना त्यांनी अमीनाबादेतून नवी जाड रजई आणून जयसिंगला दिली. विनयाबाईंना रात्री हे सगळं सांगितलं तेव्हा त्या पलंगावर बसून पायाला तेल चोळत होत्या. कोपऱ्यात ब्लोअर घोंघावत होता.

"त्याचा हीटर काढलात ते ठीक," त्या म्हणाल्या. "हा आपला कुठल्या हिशेबात?"

"हे घर आहे, विनया. याला कुठे पाटी लावायचीय?"

"अच्छा," म्हणून त्या पाठ करून आडव्या झाल्या.

त्या रात्रीपासून रेघ खाली आली. आठ वाजले, नऊ वाजले, रेघ जमिनीसारखी सपाट. खांबेटे झोपण्याआधी मोबाइलवर एकदा ती बघत आणि समाधानाने चष्मा काढून ठेवत.

एकोणीस जानेवारीला सकाळी सातला हिमानी मॅडमचा फोन आला.

ते पोहोचले तेव्हा दार उघडं होतं आणि बाहेर पाच-सहा जणं घुटमळत होती. जयसिंग खाटेवर कुशीवर निजला होता, नवी रजई हनुवटीपर्यंत ओढलेली. खाटेशेजारी अंगीठी, तिच्यात मऊ पांढरी राख. खोलीत कसलाही वास नव्हता. चेहरा मेलेल्या माणसासारखा पांढरा पडलेला नव्हता, गालांवर लाली होती, आताच उन्हातून आल्यासारखी. ती लाली बघितली आणि खांबेट्यांना सगळं कळलं. निखाऱ्यांचा बिनधुराचा, बिनवासाचा विषारी वायू, बंद खोली, रबराच्या पट्ट्या. कॉलेजात पहिल्या वर्षाला शिकलेलं सगळं एका क्षणात, उपयोग संपल्यावर, आठवलं. ते जिन्याच्या पायरीवर बसले.

"ठंड खा गया बेचारा," कुणीतरी म्हणालं. गल्लीतल्या डॉक्टरांनीही तेच लिहून दिलं. त्या आठवड्यात थंडीने माणसं मरतच होती, पेपरात रोज आकडा येत होता, त्यात जयसिंगचा एक मिळाला. दुपारी गावाहून त्याची बायको आणि भाऊ आले आणि टेम्पोतून त्याला घेऊन गेले. घाईत सामान राहून गेलं. खांबेटे सगळ्यांच्या मागे उभे होते. बोलायला तोंड उघडलं असतं तर कुणी थांबवलं नसतं. त्यांनी उघडलं नाही.

फेब्रुवारीत ऊन आलं. लख्ख, कोवळं, लखनौला साजेसं ऊन. पॅनेलं पुन्हा भरभरून वीज देऊ लागली आणि वहीतलं उणे चिन्ह एके दिवशी गळून पडलं. नवा चौकीदार फाटकापाशी पत्र्याच्या खोक्यातच बसे, जिन्याखालच्या खोलीत पाऊल टाकायला तो तयार नव्हता. एकतीस मार्चला संध्याकाळी खांबेट्यांनी शेवटचा आकडा लिहिला. अधिक दोनशे चौदा.

जे आयुष्यभर पाहिजे होतं ते हातात होतं. मग त्यांनी कुणी न सांगता आणखी एक गणित मांडलं. पाच जानेवारीपासून थंडी ओसरेपर्यंत छत्तीस रात्री. छत्तीस नवे तीनशे चोवीस. हीटर चालला असता तर शेवटचा आकडा उणे एकशे दहा आला असता. त्यांनी ते तीनदा करून बघितलं, आणि तिन्ही वेळा उत्तर तेच आलं. जयसिंग जगला असता तर इमारत नापास झाली असती.

त्या रात्री जेवताना त्यांनी विनयाबाईंना सांगून टाकलं. "दार लावून घे असं मीच म्हटलं होतं त्याला."

विनयाबाईंच्या हातातला घास तसाच राहिला. त्या म्हणाल्या, "आणि हे कुणाला सांगितलंत?"

"तुला सांगतोय."

"मला सांगून काय होणार? मी त्याची बायको आहे का?"

खांबेट्यांनी मान खाली घालून ताट बाजूला सारलं.

एप्रिलच्या मध्यावर समितीतर्फे अनुप मेहरा नावाचा तरुण अधिकारी दिल्लीहून आला. चुणचुणीत, गोड बोलणारा. त्याने दिवसभर इमारत पाहिली, दारांच्या पट्ट्या बोटाने दाबून बघितल्या, मीटर तपासले. दुपारी प्राचार्यांच्या खोलीत चहा आला आणि त्याने संगणकावर महिन्यामहिन्यांचे आलेख उघडले.

"सर, यह बहुत इंटरेस्टिंग है. पांच जनवरी से आपका नाइट लोड एकदम ज़ीरो. क्या किया आपने?"

खांबेट्यांनी कप खाली ठेवला. "चौकीदार का हीटर हटवाया."

"वाह!" अनुपने मनापासून दाद दिली. "लोग करोड़ों की मशीनें लगाते हैं, आदत कोई नहीं बदलवा पाता. यह तो रिपोर्ट में जाना चाहिए." आणि तो लिहू लागला.

पुढचं वाक्य खांबेट्यांच्या घशापर्यंत आलं होतं. त्या खोलीत तो मेला, एवढेच शब्द. हिमानी मॅडमनी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांना दारातली रबरी पट्टी आणि अंगीठी यांचं नातं कळत होतं की नाही, देव जाणे. त्या चटकन म्हणाल्या, "सर, समोसे लीजिए, ठंडे हो रहे हैं." आणि खांबेट्यांनी समोसा घेतला. आयुष्यातला सगळ्यांत भेकड घास त्यांनी त्या दिवशी खाल्ला, आणि तो खाताना चिंचेची चटणीही घेतली. मग अनुपने फॉर्म पुढे केला आणि त्यांनी सही केली. आकडे सगळे खरे होते, त्यातला एकही खोटा नव्हता. मीटर खोटं बोलत नाही आणि विचारल्याशिवाय काही सांगतही नाही.

पाटी मेच्या पहिल्या आठवड्यात आली. कुठे लावायची यावर चर्चा झाली. आत शिरल्याबरोबर समोर दिसेल अशी जागा एकच होती, जिन्याखालची भिंत, स्टोअरच्या दाराशेजारी. समारंभ सोमवारी ठरला. आदल्या शुक्रवारी खांबेटे पाटी सरळ बसली का बघायला गेले, तेव्हा बाहेर बाकावर एक बाई बसली होती. निळसर सुती साडी, डोक्यावर पदर, मांडीवर कागदांची पिशवी. कसल्याशा मदतनिधीच्या अर्जावर कॉलेजचा शिक्का घ्यायला आणि नवऱ्याचं सामान न्यायला ती बाराबंकीहून सकाळच्या बसने आली होती.

त्यांना बघून ती उठली. "आप ही साहब हैं? इंदिरा नगर वाले?"

"हाँ."

"बहुत नाम लेते थे आपका." तिने हात जोडले. "कहते थे, साहब ने पक्का कमरा दिलवाया, अब हवा नहीं लगती."

खांबेट्यांना तिथून पळून जावंसं वाटलं. विनयाबाईंचा प्रश्न पाच आठवडे त्यांच्या मागे लागला होता आणि आता त्याचं उत्तर समोर उभं होतं. ते म्हणाले, "बहनजी, वह हीटर मैंने बंद करवाया था."

"मालूम है. फोन पर बताया था उन्होंने." तिच्या आवाजात राग नव्हता, आणि खांबेट्यांना तो असता तर बरं वाटलं असतं. "जिस रात गए, उस रात भी बात हुई थी. कह रहे थे, कोयला गीला है, ठीक से पकड़ नहीं रहा, हाथ-पैर सुन्न हैं. मैंने कहा, हीटर पड़ा है तो एक रात लगा लो, कौन देखता है."

पिशवीची दोरी तिने बोटाभोवती गुंडाळली.

"बोले, नहीं, साहब देखते हैं. उधर मशीन में लकीर बन जाती है. साहब का इम्तहान है मार्च तक, हमारे कारण फेल नहीं होना चाहिए."

अठरा जानेवारीची ती रात्र खांबेट्यांना आठवली. त्यांनी अंथरुणात मोबाइल उघडला होता, ब्लोअरची ऊब पायांवर येत होती. रेघ सपाट होती. त्यांना बरं वाटलं होतं.

सामान खोलीतच होतं. खांबेट्यांनी किल्ली आणली आणि दार उघडलं. ती आत गेली, मागोमाग तेही गेले. पत्र्याची पेटी, एक जोड चपला, खिळ्याला टांगलेला हनुमानाचा फोटो, खाटेवर घडी केलेली रजई. अंगीठी कुणीतरी केव्हाच फेकून दिली होती. त्यांच्या पाठीमागे वरच्या लोखंडी हाताने दार हळूहळू ओढून घेतलं आणि रबर रबराला चिकटलं. बाहेरचा रस्त्याचा आवाज एकाएकी थांबला.

बाई चपला उचलायला वाकली होती ती तशीच थबकली. तिने वर पाहिलं, काचेकडे पाहिलं, दाराच्या फटीपाशी जाऊन तळहात धरला. आयुष्यभर चूल पेटवणारी बाई ती. शाळेत गेली नव्हती, पण कोळसा काय मागतो हे तिला ठाऊक होतं.

"साहब," तिने विचारलं, "यहाँ हवा कहाँ से आती है?"

पाहुण्यांना उदबत्ती धरून जे अभिमानाने सांगत आले होते, ते खांबेट्यांना आता पुन्हा सांगायचं होतं. शब्दही तेच होते.

"नहीं आती," ते म्हणाले. "मैंने बनाया ही ऐसा है. और दरवाज़ा बंद रखने को भी मैंने ही कहा था."

ती त्यांच्याकडे बघत राहिली. डोक्यावरचा पदर तिने पुढे ओढला. हनुमानाचा फोटो खिळ्यावरून काढून तिने पिशवीत घातला, चपला पेटीत ठेवल्या आणि पेटी डोक्यावर घेतली. रजईकडे तिने एकदा बघितलं. ती तिने खाटेवरच राहू दिली.

खांबेटे पुढे होऊन दार उघडून धरायला गेले, पण ते त्यांच्या आधी तिने खांद्याने ढकललं आणि ती निघून गेली. बाहेर नव्या पाटीचं पितळ उजेडात चकाकत होतं. तिच्यामागे दार सावकाश लागलं आणि खांबेटे आत राहिले. ते जयसिंगच्या खाटेवर बसले. बाहेर बेचाळीस अंश ऊन होतं आणि आत त्याची झळसुद्धा लागत नव्हती.